दगडावर लावूनही वस्तरा ओढतोच आहे? नवा दगड घेण्याआधी हे तपासा

लक्षणं

- गालावर चालतो, पण हनुवटीपाशी आणि वरच्या ओठावर आला की केस कापण्याऐवजी ओढतो.
- हातावरची लव झटक्यात उडते, दाढीचे खुंट मात्र दाद देत नाहीत.
- पात्याचा मधला भाग कापतो. टाच (मुठीकडचा शेवट) किंवा टोक नुसतं घसरतं.
- पहिली दाढी सुरेख होते, दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला धार गेलेली असते.
- केस साफ निघतात, पण नंतर बराच वेळ गळ्यावर जळजळ राहते.

अशा तक्रारींचे वस्तरे माझ्याकडे सतत येतात आणि सोबतचा प्रश्नही ठरलेला असतो: ८००० चा दगड आहे, आता १२००० चा घेऊ की १६००० चा? (आकडा जितका मोठा तितके दगडाचे कण बारीक.) माझं उत्तर असतं, आत्ता कुठलाच नको. वस्तरा ओढतो तो बारीक दगड नाही म्हणून, असं फार क्वचित असतं. खोट एकतर चामड्याच्या पट्ट्यावर असते, नाहीतर पार खाली, १००० च्या दगडावर अर्धवट सुटलेल्या कामात. त्यावर कितीही महागडा दगड फिरवला तरी बोथट धारच चकचकीत होते.

हे सगळं अखंड पोलादाच्या, घडीच्या वस्तऱ्याबद्दल आहे. सलूनमध्ये अर्धं ब्लेड घालून वापरतात त्याला दगड लागत नाही, ब्लेड बदललं की झालं.

खालच्या तपासण्या फुकटापासून खर्चिकाकडे जातात. जिथे दोष सापडेल तिथेच थांबा, तेवढाच दुरुस्त करा आणि दाढी करून बघा. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर नेमकं काय चुकत होतं ते कधीच कळत नाही.

आधी दाढी तपासा

कोरडा केस चिवट असतो. गरम पाण्याने दोन-तीन मिनिटं चेहरा भिजू द्या, साबणाचा फेस ओला ठेवा. पात्याची पाठ, म्हणजे धारेसमोरची जाड कड, त्वचेपासून पाठीच्या जाडीच्या दीड-दोन पट उंच राहील एवढाच कोन धरा. पातं जास्त उभं धरलं तर चांगली धारसुद्धा खरवडते, आणि गळ्यावरची जळजळ बऱ्याचदा तिथूनच येते. त्याच साबणाने, त्याच दिवशी नव्या ब्लेडचा साधा रेझर फिरवून बघा. तोही ओढत असेल तर वस्तऱ्याला हात लावू नका.

पट्टा

दगडाकडे वळण्याआधी चामड्याचा पट्टा. दाढी करताना धारेचं अतिशय पातळ टोक कुठे कुठे कलतं आणि ओलाव्याने त्यावर गंजाचा न दिसणारा थर धरतो. पट्टा ते टोक सरळ करतो आणि थर पुसून काढतो. म्हणून दर दाढीआधी पट्टा लागतो, दगड काही महिन्यांतून एकदा.

पट्टा ताणून धरा. तो झोळीसारखा लोंबला की चामडं धारेला वळसा घालतं आणि दगडावर कमावलेली धार गोल होऊन जाते. पाठ पुढे, धार मागे, आणि टोकाला पोचल्यावर पातं पाठीवरून उलटवायचं, धारेवरून कधीच नाही. पाठ चामड्यावरून क्षणभरही उचलायची नाही. कापडी बाजूवर वीस-पंचवीस फेऱ्या आणि चामड्यावर पन्नास-साठ, एवढं पुरतं. वेग लागत नाही. चित्रपटातले न्हावी फटाफट मारतात ते बघायला छान, पण शिकणाऱ्याचा पट्टा त्याने चिरतो आणि चिरलेल्या पट्ट्याच्या कडेवर पुढचा प्रत्येक वस्तरा अडतो.

पावसाळ्यात एक जादा काम असतं. कोकणात आणि मुंबईत जूननंतर भिंतीला टांगलेल्या पट्ट्यावर बुरशीचा पांढुरका थर येतो. पट्टा हाताने चोळून पाहिला तर तळव्याला बारीक भुकटी लागते. कोरड्या कापडाने पुसून तो हवेशीर जागी लटकवा. कोरडा न पुसता मुठीत बंद केलेला कार्बन पोलादाचा वस्तरा तर या हवेत एका रात्रीत ठिपके धरतो, आणि ते ठिपके पहिल्यांदा धारेवरच पडतात, कारण पोलाद सर्वात पातळ तिथे असतं. दाढी झाली की पुसा, दहा-बारा फेऱ्या पट्ट्यावर मारा, आठवडाभर वापरणार नसाल तर शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात फिरवा. ‘दुसऱ्या दाढीलाच धार गेली’ या तक्रारीचं मूळ जुलै-ऑगस्टमध्ये मला बहुतेक वेळा इथेच सापडतं.

क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट, साधारण अर्ध्या मायक्रॉनच्या कणांची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), लावायची असेल तर वेगळ्या पट्ट्यावर लावा. उतरत चाललेल्या धारेला ती आणखी काही दाढ्या चालवते. मुळात न झालेली धार तिने होत नाही.

भिंग आणि दिवा

घड्याळजी वापरतात ते दहापट भिंग आणा, फारसं महाग नसतं. टेबलदिव्याखाली पातं असं धरा की धार सरळ डोळ्याकडे येईल. चांगली धार त्या स्थितीत दिसतच नाही. जिथे प्रकाशाचा ठिपका किंवा पांढरी रेघ चमकते तिथे धार बोथट आहे, खांड पडली आहे किंवा गंजाने खाल्ली आहे. मग पातं आडवं करून बेव्हल बघा, म्हणजे धारेलगतची दगडाने घासलेली अरुंद पट्टी. ती दोन्ही बाजूंना टाचेपासून टोकापर्यंत साधारण सारख्या रुंदीची हवी. एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला जेमतेम, असं असेल तर हात बदलल्यावर दाब बदलतो आहे किंवा पातं पिळलेलं आहे.

धारेपासून वर पोटाकडे, म्हणजे धार आणि पाठ यांमधल्या भागाकडे, जाणारी केसासारखी काळी रेघ दिसली तर पातं पुसून पुन्हा बघा. पुसली जात नसेल तर ती चीर आहे. तो वस्तरा चेहऱ्याला लावायचा नाही. इथेच थांबा.

मार्कर

सगळ्या तपासण्यांत ही माझी आवडती. दोन्ही बेव्हलवर काळ्या परमनंट मार्करने रेघ ओढा. तुमच्या सर्वात बारीक दगडावर, पाणी टाकून, फक्त हाताच्या वजनाने दोन्ही बाजूंना एक-एक फेरी मारा आणि भिंगाखाली धरा.

शाई धारेपर्यंत पूर्ण गेली असेल तर दगड धारेला पोचतो आहे. बेव्हलचा पाठीकडचा भाग स्वच्छ आणि अगदी धारेवर केसाएवढी काळी रेघ शिल्लक, हे मला सर्वात जास्त वेळा दिसतं. याचा अर्थ तुमचे इतके दिवसांचे श्रम धारेला शिवलेच नाहीत. कारणं दोन. पहिलं, बेव्हल कधी पूर्ण झालंच नव्हतं. दुसरं बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: आधीच्या माणसाने पाठीवर इन्सुलेशन टेप लावून धार काढली होती आणि तुम्ही टेपशिवाय काढता आहात. वस्तऱ्याचा कोन हात ठरवत नाही, पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकल्या की तो आपोआप ठरतो. ५/८ इंची, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर रुंद पात्याची पाठ साडेचार मिलिमीटर असेल तर कोन १६ अंशांच्या आसपास येतो. टेपचा एक थर त्यात जेमतेम एक अंश वाढवतो, पण तेवढ्याने दगड धारेपासून अलगद लांब राहतो. टेपचा एक थर लावून मार्कर पुन्हा करा. शाई गेली तर निदान झालं.

शाई मध्ये गेली आणि टाचेला-टोकाला राहिली, किंवा उलट झालं, तर पुढची तपासणी.

दगड सपाट आहे का

नवा दगड सपाट असतो हा समज सोडा. कारखान्यातून आलेल्या दगडांतही खोलगट निघतात, आणि वापराने तर प्रत्येक दगड मध्ये बसतो. चाकू त्यावर चालून जातो, कारण चाकूचा कोन हाताने सांभाळता येतो. वस्तऱ्याची पाठ आणि धार एकाच वेळी टेकायला हवी, म्हणून इथे सपाटीला पर्याय नाही.

दगडावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघांची जाळी काढा. जाड काचेवर वॉटर पेपर पाण्याने चिकटवा आणि दगड आठाच्या आकड्यात फिरवा. जिथे रेघा राहतात तिथे खळगा आहे. सगळी जाळी जाईपर्यंत घासा, पुन्हा जाळी काढा, पुन्हा घासा. १००० च्या दगडाला २२० किंवा ३२० चा पेपर चालतो. शेवटच्या बारीक दगडाला ६०० च्या वरचा घ्या, नाहीतर पेपरचे सुटे कण दगडात रुततात आणि धारेवर ओरखडे काढतात. ओट्याचा ग्रॅनाइट किंवा फरशी काचेइतकी भरवशाची नसते. नेहमी वस्तरे लावत असाल तर डायमंड प्लेट घ्या, वेळ वाचतो.

दगडाच्या चारही कडा पेपरवर थोड्या मारून घ्या. धारदार कडेवर पात्याची टाच आदळली की खांड पडते. सपाट केल्यावर नळाखाली दगड आणि पातं दोन्ही खळखळून धुवा. जाड दगडाचा एक कण बारीक दगडावर आला तर मागचं काम वाया जातं, म्हणून भांडं, पाणी आणि फडकं दर दगडाला वेगळं.

भिजवण्याचाही घोळ होतो. काही कृत्रिम दगड दहा-पंधरा मिनिटं पाण्यात ठेवावे लागतात, काहींवर नुसतं पाणी शिंपडायचं असतं. रेझिनमध्ये बांधलेले दगड बुडवून ठेवले तर मऊ पडतात, तडकतात. दगडासोबतचा कागद वाचा. आणि पाण्याच्या दगडावर तेल कधीही नको, एकदा मुरलं की निघत नाही.

दाब आणि फेरी

दगडावर धार पुढे, पट्ट्यावर पाठ पुढे. साधारण कृत्रिम दगड ७० मिलिमीटर रुंद असतो आणि पातं सुमारे ७५, म्हणजे सरळ ओढलं तर टाच किंवा टोक बाहेरच राहतं. म्हणून फेरी तिरकी, टाचेपासून टोकाकडे सरकत जाणारी. धार किंचित बाहेर फुगलेली असेल तर ही तिरकी फेरी लागतेच, शिवाय टोकाकडे जाताना मनगट थोडं वळवावं लागतं.

दाबाबद्दल: पोकळ घासलेल्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी आत खोलगट केलेल्या, वस्तऱ्याचं पोट इतकं पातळ असतं की बोटाच्या दाबाने वाकतं. वाकलं की बेव्हल दगडावर नीट बसत नाही आणि एका बाजूला पोलादाची पातळ लव वळून येते. हातावर ती कमालीची कापते, दोन दाढ्यांत तुटून पडते आणि मागे खडबडीत धार ठेवते. १००० वर थोडा दाब चालतो. तिथून वर प्रत्येक दगडावर कमी करत जा. शेवटच्यावर फक्त पात्याचं वजन.

हात बरोबर आहे हे पाणी सांगतं. पातं दगडावर नीट बसलं असेल तर पुढे जाताना पाण्याची लाट धारेच्या खाली न शिरता पात्यावर चढते, संपूर्ण लांबीवर सारखी. एखाद्या जागी पाणी खालून निसटत असेल तर तेवढी जागा दगडाला टेकलेली नाही.

पुन्हा १००० वर

वरचं सगळं ठीक आहे आणि तरी ओढतो? मग बेव्हल नव्याने काढायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि लोक इथेच घाई करतात. कौलारू छपराच्या दोन पाखी आढ्यावर भिडाव्यात तशी बेव्हलची दोन पृष्ठं धारेवर भिडली पाहिजेत, टाचेपासून टोकापर्यंत कुठेही फट न ठेवता. भिडेपर्यंत १००० सोडायचा नाही. दहा मिनिटं लागोत की दीड तास.

भिडलं हे कळायचं कसं? भिंगाखाली धारेवर एकही चमकता ठिपका नको. आणि हातावरची लव त्वचेलगत, न दाबता, पात्याच्या प्रत्येक भागाने उडायला हवी. टाचेने वेगळी बघा, मध्याने वेगळी, टोकाने वेगळी. एक भाग जरी मागे राहिला तरी पुढच्या दगडावर जाऊ नका, कारण ४००० चा दगड हे काम करू शकत नाही. त्याचे कण फक्त मागचे ओरखडे बारीक करतात. डोक्याचा केस धरून धारेवर टेकवायची कसोटी अनेक जण सांगतात. ज्याच्या-त्याच्या केसाच्या जाडीप्रमाणे ती बदलते, म्हणून १००० वर मी ती मानत नाही.

मग दगड कोणते घ्यायचे

तीन पुरेत: १०००, मग ४००० किंवा ५०००, मग ८०००. जपानी आकड्यांत १००० म्हणजे सुमारे १४-१५ मायक्रॉनचे कण, आणि ८००० म्हणजे बनावटीप्रमाणे साधारण २ ते ३ मायक्रॉनचे. ८००० वर नीट संपवलेला आणि पट्ट्यावर मारलेला वस्तरा आरामात दाढी करतो. त्याने होत नसेल तर बिघाड खाली आहे. ८००० वर खात्रीने दाढी होऊ लागली की मग १२००० घ्या. तेव्हा तो त्वचेला जाणवेल एवढा मऊपणा देतो आणि पैसे वसूल होतात. वॉटर पेपरवरचे आकडे दगडाच्या आकड्यांशी जुळवू नका. ‘पी १०००’ पेपरचे कण सुमारे १८ मायक्रॉनचे असतात.

हार्डवेअरच्या दुकानातला दोन बाजूंचा करडा कार्बोरंडम दगड कोयत्या-विळ्यांसाठी आहे. वस्तऱ्याला तो दाखवूही नका.

नैसर्गिक दगडांची ओढ मलाही आहे. बेल्जियमच्या आर्देनमधला पिवळा कोटिक्यूल, जर्मनीतल्या थुरिंगियाचे जुने दगड, क्योटोच्या आसपासच्या खाणींतले जपानी दगड, अमेरिकेतले आर्कान्सा: प्रत्येकाचा चेहऱ्यावरचा स्पर्श वेगळा. कोटिक्यूलमध्ये गार्नेटचे सूक्ष्म कण असतात. त्यावर छोटा दगड घासून दुधी गाळ काढला तर तो झपाट्याने कापतो, आणि पाणी वाढवत गाळ पातळ करत नेला की त्याच दगडावर धार संपवताही येते. पण एकाच खाणीतले दोन तुकडे सारखे वागत नाहीत आणि नैसर्गिक दगडाला खरा आकडा नसतोच. ‘१२०००’ म्हणून विकला जाणारा चिनी दगडही त्याला अपवाद नाही; तो आकडा विक्रेत्याचा. शिकताना दोष हातात आहे की दगडात हे कळणं महत्त्वाचं, म्हणून पहिली दोन वर्षं कृत्रिम दगडांवर काढा. जुना, अनोळखी दगड मिळाला तर आधी सपाट करा आणि नखावर घासून बघा, ओरखडा जाणवला तर तो शेवटचा दगड नव्हे.

कुठे थांबायचं

यातलं काहीही दिसलं तर दगड खाली ठेवा आणि वस्तरे लावणाऱ्या जाणकाराकडे द्या:

- एक मिलिमीटरपेक्षा खोल खांड. ती काढायला सगळी धार तेवढी मागे न्यावी लागते, बहुतेकदा पाठीसकट.
- धार मध्ये आत गेलेली, म्हणजे टाच आणि टोक टेकतात आणि मधे उजेड दिसतो.
- काचेवर ठेवल्यावर डुलणारं, पिळलेलं पातं. एका बाजूला मार्कर जातो, दुसऱ्या बाजूला कितीही केलं तरी मधेच राहतो.
- पाठ एका टोकाला झिजून चपटी झालेली. अशा वेळी पाठ आणि धार मिळून ठरणारा कोनच बिघडलेला असतो.
- धारेजवळ निळसर किंवा गव्हाळ रंगाचे डाग. कोणीतरी चाकावर धरून पोलादाचं पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरवलं आहे. तिथपर्यंत घासून नवं पोलाद बाहेर काढता येईल का हे अनुभवी माणूसच सांगू शकतो.
- धारेवरचा गंज १००० वर वीसेक मिनिटं घासूनही भिंगाखाली खड्डे दाखवत असेल.

आजोबांच्या धोकटीतून निघालेला, हस्तिदंती मुठीचा किंवा जर्मनीतल्या झोलिंगेनचा, इंग्लंडमधल्या शेफील्डचा जुना वस्तरा असेल तर पहिली धार स्वतः काढू नका. ती बसवून घ्या, मग सांभाळायला शिका. आणि जाणकार म्हणजे रस्त्यावर चाक फिरवून सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा नव्हे. त्याचं काम वेगळं आहे आणि ते तो चोख करतो, पण त्या चाकावर वस्तरा एकदा टेकला की वरच्या यादीतला निळा डाग पडलाच म्हणून समजा. विचारायचे प्रश्न दोन: किती दगडांवर नेता, आणि परत देताना दाढी करून बघता का? दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर दुसरा माणूस शोधा.

वस्तरा देताना तो कोणत्या दगडांवर फिरला आहे आणि पाठीवर टेप लावली होती का, किती थर, हे चिठ्ठीवर लिहून द्या. परत येताना हीच माहिती त्याच्याकडून लिहून घ्या, म्हणजे पुढच्या खेपेला तुमचा दगड पहिल्या फेरीतच धारेला पोचेल.